दप्तर, बियाणं आणि शेळी: युद्धातून उठणाऱ्या घरातल्या मुलाचं पालकत्व घेताना

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातल्या निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचाऱ्यांचा २२ जणांचा गट दरमहा प्रत्येकी १,५०० रुपये बाजूला काढू शकतो. उत्तर युगांडात युद्धानंतर परतलेल्या शेतकरी कुटुंबांतल्या मुलांचं आर्थिक पालकत्व घ्यायचा विचार आहे. अशा पैशाने घर खरंच सावरतं का? पैसे कसे पाठवायचे? की तीच रक्कम आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांत खर्च करावी?

घर सावरतं, पण एका अटीवर. मुलाच्या नावाने आलेले पैसे घरासाठी खर्च झाले पाहिजेत. युद्धानंतर खेड्यातलं मूल शाळा सोडतं ते वही नाही म्हणून क्वचितच. आई एकटी आहे, शेतात खुरपायला हात नाहीत, धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही, पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं धान्य संपलेलं आहे, म्हणून ते घरी थांबतं. त्याला गणवेश, दप्तर आणि वह्या दिल्या तर ते सहा महिने शाळेत जातं आणि पुढच्या खुरपणीला पुन्हा शेतात दिसतं. पालकत्वाच्या कार्यक्रमांमध्ये सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे याला सर्रास ‘मूल दत्तक घेणं’ म्हणतात. कृपया म्हणू नका. त्या मुलाची आई किंवा आजी जिवंत आहे, कुळ आहे, घर आहे. तुम्ही त्या घराला काही वर्षं टेकू देत आहात.

ही पद्धतच मुळात युद्धातून जन्मली. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ मध्ये, पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस आणि निर्वासितांसाठी काम करणारे एरिक मगरिज यांनी एक देणगीदार आणि एक मूल अशी जोडी लावायला सुरुवात केली. तीच संस्था आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. १९३८ मध्ये चीन-जपान युद्धातल्या अनाथांसाठी चायनाज चिल्ड्रन फंड सुरू झाला. कोरियन युद्धाच्या काळात, १९५० च्या आगेमागे, वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या संस्था उभ्या राहिल्या. या सगळ्यांची सुरुवात अनाथाला जेवण आणि निवारा देण्यापासून झाली आणि पुढे बहुतेक जणी कुटुंब आणि गाव यांच्याकडे वळल्या. कारण युद्ध थांबल्यावर बहुतेक मुलांना कोणी ना कोणी नातलग असतोच, त्याला फक्त ते मूल पोसणं परवडत नसतं. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. तिथे मुलं आयांजवळ राहिली, त्यांच्या भाषेतल्या शाळा चालल्या, घरं चालली. परक्या देशातली छावणी असूनही कुटुंब शाबूत ठेवलं हे त्या वसाहतीचं मोठं बळ होतं.

युद्धाने घरातून काय नेलं

उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर सेना आणि सरकार यांच्यातला संघर्ष १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंत चालला. गुलू, कितगुम, पादेर या अचोली भागातली जवळजवळ सगळी ग्रामीण जनता छावण्यांत कोंबली गेली. विस्थापितांची संख्या सर्वोच्च टप्प्यावर सुमारे १८ लाख होती. ऑगस्ट २००६ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुढच्या काही वर्षांत लोक गावांकडे परतले.

परतलेल्या घराकडे काय नव्हतं हे नीट समजून घ्या, कारण पैसे तिथेच लागतात. गुरं नव्हती, ती संघर्षाच्या सुरुवातीच्या वर्षांतच लुटली गेली होती. त्यामुळे नांगरट बंद, सगळं कुदळीवर. बियाणं नव्हतं. छावणीतल्या रेशनवर वाढलेल्या पोरांना शेतीचा हात नव्हता. आणि जमिनीच्या हद्दी पुसल्या होत्या. तिथली बहुतेक जमीन कुळाच्या, म्हणजे भावकीच्या, रूढीने धरलेली असते, आपल्यासारखा सातबारा नसतो. बांध दाखवणारे म्हातारे छावणीत वारले आणि मधल्या १०-१५ वर्षांत झुडपं माजली. विधवेच्या वाट्याची जमीन दीर अडवतात हे तिथेही होतं आणि पेठ तालुक्यातही होतं. पण तिथे आणखी एक घाव आहे. बंडखोरांनी पळवून नेलेल्या मुलींना जंगलात झालेली मुलं आईच्या माहेरी वाढली. जमिनीचा हक्क वडिलांच्या कुळाकडून येतो, आणि या मुलांना दाखवायला ते कुळच नाही. अशा घरात कितीही शाळेची फी भरली तरी वयात आलेला मुलगा ‘माझं शेत कुठे’ असं विचारतो तेव्हा पालकत्वाच्या पैशाकडे उत्तर नसतं. म्हणून चांगली संस्था फीची पावती फाडण्याआधी कुळातल्या जाणत्यांना बसवून त्या घराला कसायला तुकडा ठरवून घेते, साक्षीदारांसमोर हद्दीवर झाडं लावून घेते आणि त्याचा कागद करते. या कामाला पैसे फारसे लागत नाहीत, पाच-सहा फेऱ्या आणि संयम लागतो.

श्रीलंकेचा उत्तर भाग किंवा कंबोडियासारखा देश निवडला तर शेताच्या आधी सुरुंगांचा प्रश्न येतो. मोझांबिकचं युद्ध १९९२ मध्ये थांबलं, पण देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. कुदळ वाटण्याआधी त्या शिवाराचं सफाईचं प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दरमहा सारखी रक्कम घराच्या वर्षाशी जुळत नाही

हा मुद्दा मी मुद्दाम ताणून मांडतो, कारण देणगीदार आणि संस्था दोघेही इथे चुकतात. तुमच्या खात्यातून दरमहा १,५०० रुपये जातात. घराचं वर्ष मात्र असं चालत नाही. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं. प्राथमिक शिक्षण १९९७ पासून मोफत आहे, तरी गणवेश, वह्या, दुपारचं जेवण, परीक्षेचं शुल्क असं काही ना काही मागितलं जातंच. त्याच सुमारास शेत तयार करायचं असतं. मार्च-एप्रिलला पाऊस लागला की पेरणी. पहिलं पीक जुलैच्या आसपास हाती येतं. म्हणजे एप्रिल ते जून हा हातातोंडाची गाठ न पडण्याचा काळ. तीळ विकून हातात रोख येते ती वर्षअखेरीस.

आता हिशेब मांडा. फेब्रुवारीत फी आणि बियाणं एकदम लागतं. सरासरीने वाटलेली मासिक रक्कम त्या वेळी तोकडी पडते, मग आई बियाण्यासाठी राखलेला भुईमूग विकून फी भरते किंवा फी बुडवते. भुईमुगाला एकरी ३५-४० किलो दाणे लागतात. ते विकले की त्या वर्षी अर्धं शेत पडीक राहतं, आणि पुढच्या वर्षी तेच चक्र. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच खरिपाची पेरणी येते, म्हणून इथेही सावकाराची वही जूनमध्येच उघडते. गोष्ट तीच, महिने वेगळे.

उपाय सोपा आहे: वर्षाच्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग डिसेंबर-जानेवारीत घरापर्यंत पोचवायचा, दुसरा हप्ता मे महिन्यात, आणि थोडी रक्कम आजारपणासाठी राखून ठेवायची. तुमचे पैसे मासिक जमू देत, पण वाटप हंगामी असावं. संस्थेला पहिल्याच पत्रात हे विचारा. ‘आम्ही दर महिन्याला सारखं वाटतो’ असं उत्तर आलं तर त्यांचं शेतीकडे लक्ष नाही असं समजा.

घरासाठी म्हणजे नेमकं कशासाठी

पहिल्या वर्षी अन्न आणि बियाणं. तिथली पिकं नाशिककराला ओळखीची वाटतील: नागली, ज्वारी, तीळ, भुईमूग, तूर. त्यांच्या जोडीला कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. कसावाला नऊ-दहा महिने ते वर्षभर लागतं, पण तो जमिनीतच साठवता येतो, हवा तेव्हा उपटायचा. त्यामुळे दुसऱ्या वर्षीच्या उपासमारीच्या महिन्यांवर तो विमा आहे. बिघडतं ते रोपणीच्या कांड्यांत. मोझॅक किंवा ब्राउन स्ट्रीक रोगाच्या कांड्या कोणाच्याही शेतातून आणून वाटल्या की अख्ख्या गावाचा कसावा सडतो. कांड्या तपासलेल्या बेण्याच्या मळ्यातूनच घ्यायला हव्यात. भुईमुगाचं दुखणं काढणीनंतरचं आहे. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या की बुरशी धरते, अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं, व्यापारी माल नाकारतो आणि मग तोच माल पोरांच्या पोटात जातो. वाळलेली शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, ही परीक्षा तिथेही चालते. जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवण एवढाच खर्च.

दुसरी गोष्ट शेळी. पत्रकात शेळीचा फोटो छान दिसतो, म्हणून ती घाईने वाटली जाते. घरटी दोन माद्या, स्थानिक जातीच्या, आठ ते बारा महिन्यांच्या. वीस-पंचवीस माद्यांमागे एक बोकड. गाभण काळ पाच महिन्यांचा. आज दिलेली मादी विऊन तिचं करडू विकण्याजोगं व्हायला सव्वा ते दीड वर्ष लागतं. तोवर शेळी हा खर्चच आहे, हे आईला आधी सांगितलं नसेल तर ती पहिल्या अडचणीला शेळी विकते आणि अहवालात ‘लाभार्थीने नियम मोडला’ असं लिहिलं जातं. संस्थेने एकाच बाजारातून एकाच दिवशी शंभर शेळ्या उचलल्या तर भाव चढतात आणि पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग घरोघर जातो. दोन आठवडे वेगळ्या ठेवून, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस टोचून मगच वाटायच्या. पीपीआरची लस एकदा टोचली की किमान तीन वर्षं पुरते, त्यामुळे लसीत कसर करण्यात अर्थ नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: शेळी राखणार कोण? जे मूल शाळेत टिकावं म्हणून शेळी दिली त्यालाच तिच्यामागे पाठवलं जातं. बैलजोडीचंही तसंच, जोडीच्या पुढे चालायला पोरालाच उभं करतात. म्हणून वाटपाआधीच ठरवून घ्यावं लागतं: शेळी दाव्याला बांधून चारायची किंवा पाच-सहा घरांनी मिळून पाळीपाळीने मोठ्या माणसाने राखायची. बैलजोडी घरटी न देता पाच-सहा घरांत एक, आणि कोणाच्या शेतात कधी जाईल याची पाळी पाऊस लागण्याआधी ठरलेली. विधवेची पाळी शेवटी आली तर तिची पेरणी उशिरा होते, म्हणून तिचं नाव वर लिहून घ्यायचं.

पहिलं करडू शेजारच्या घराला देण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती हायफर इंटरनॅशनल या संस्थेने रूढ केली. तिचे संस्थापक डॅन वेस्ट स्पेनच्या युद्धात मदतकार्यात होते. दुधाचा पेला वाटत बसण्यापेक्षा दुभतं जनावर द्यावं हे त्यांना तिथेच सुचलं आणि १९४४ मध्ये पहिल्या कालवडी रवाना झाल्या. पद्धत चांगली आहे, फक्त पहिलं करडू मागू नका, दुसरं मागा. पहिलं त्या घराला स्वतःला लागतं.

तिसरी गोष्ट पेटी. आपल्या भिशी आणि बचत गटाच्या मधलं काहीतरी. नायजरमध्ये १९९१ च्या सुमारास केअर संस्थेने बसवलेली ही पद्धत आज आफ्रिकेत खेडोपाडी आहे. १५ ते २५ जणी, दर आठवड्याला प्रत्येकी एक ते पाच हिस्से, लोखंडी पेटीला तीन कुलुपं आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत. गरजेला कर्ज, आणि नऊ ते बारा महिन्यांनी पेटी फोडून हिस्स्यांप्रमाणे वाटप. बँकेचा संबंध नाही, म्हणून कागद नसलेली बाईही सभासद होते. इथली खुबी तारखेत आहे. पेटी जानेवारीत फुटेल असं वर्ष बसवलं तर फी आणि बियाणं दोन्ही सुटतं. ऑगस्टमध्ये फुटणाऱ्या पेटीचा पैसा लग्नकार्यात जातो. पालकत्वाचा पैसा पेटीत टाकू नका, बाहेरचा पैसा आला की परतफेडीची शिस्त मोडते. पेटी, वह्या आणि पहिल्या वर्षी गटाकडे येणारी प्रशिक्षक ताई एवढाच खर्च उचला.

रोख रक्कम थेट द्यावी का, असंही अनेक जण विचारतात. उत्तर युगांडातच याचा नीट अभ्यास झाला आहे. १२० गावांतल्या १,८०० अतिगरीब लोकांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, साधारण १५० डॉलर, पाच दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण आणि नंतर भेटी दिल्या गेल्या. सुमारे दीड वर्षाने पाहिलं तर त्यांचं उत्पन्न जवळपास दुप्पट झालेलं होतं. तेव्हा ‘रोख दिली की उडवतील’ ही भीती बाजूला ठेवा. रोख आईच्या हातात, पेरणीआधी आणि एकरकमी द्यायची, एवढं पाळा. तुकड्या-तुकड्यांनी आलेली रोख मीठ-तेलात विरते.

शाळेच्या बाजूला

छावणीत वर्षं गेली की मुलं वयाने मोठी आणि इयत्तेने लहान असतात. तेरा वर्षांचा मुलगा दुसरीच्या बाकावर बसायला लाजतो आणि निघून जातो. सिएरा लिओनमध्ये युद्धानंतर सहा वर्षांचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन वर्षांत उरकणारे वर्ग चालवले गेले ते यासाठीच. तुमच्या संस्थेकडे असे वर्ग आहेत का, ते विचारा. युगांडात सातवीनंतर प्राथमिक शाळान्त परीक्षा असते आणि गळती तिथे मोठी होते, कारण पुढची शाळा दूर असते आणि वसतिगृहाचा खर्च एकदम वाढतो. प्राथमिकच्या सात वर्षांचे पैसे भरून नेमकं आठवीच्या दारात पालकत्व संपवणारे कार्यक्रम मी सुचवणार नाही. निधी कमी असेल तर मुलांची संख्या कमी घ्या, पण सातवी ते दहावीचा काळ पार करून द्या. मुलींसाठी शाळेत कडी लागणारं संडास आणि पाळीच्या दिवसांची सोय, या दोन गोष्टी दप्तरापेक्षा जास्त काम करतात.

या सगळ्याचा परिणाम मोजला गेला आहे का? ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युगांडा आणि भारतासह सहा देशांतल्या १०,१४४ व्यक्ती पाहिल्या. कम्पॅशनच्या कार्यक्रमात लहानपणी असलेल्यांचं शिक्षण इतरांपेक्षा सुमारे एक ते दीड वर्ष जास्त झालं, आणि माध्यमिक पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी वाढलेलं दिसलं. आकडे भक्कम आहेत. पण हा अभ्यास मुलाच्या पुढच्या आयुष्याचा आहे, युद्धातून परतलेल्या घराच्या शेतीचा नाही. कोणी हाच आकडा दाखवून ‘आम्ही कुटुंबं उभी करतो’ म्हणत असेल तर त्यांना घराचा वेगळा हिशेब मागा.

कुठे बिघडतं

एका घरातल्या चार मुलांपैकी एकाला निवडलं की त्या घरात दोन प्रकारची मुलं तयार होतात. निवडलेल्याला नवा सदरा आणि तुमचं पत्र, बाकीच्यांना काही नाही. कधी आई सदरा फाडून वाटून देते, कधी निवडलेल्या मुलावर बाकीच्यांचा राग निघतो. पत्रव्यवहार एकाशी ठेवा, पण खर्च घरातल्या सगळ्या शाळकरी मुलांवर धरा.

निवड गावसभेत व्हावी, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या एकट्याच्या यादीवरून नको. मात्र सभेत मुलाचा इतिहास वाचला जाऊ नये. ‘हा बंडखोरांत होता’, ‘ही पळवलेली’ अशी खूण लावून मदत दिली की ती खूण आयुष्यभर चिकटते, आणि न पळवलेली पण तितकीच गरीब घरं चिडतात. सशस्त्र गटांत ओढल्या गेलेल्या मुलांबाबतची २००७ ची पॅरिस तत्त्वंही हेच सांगतात, की मदत फक्त त्या मुलांपुरती न ठेवता तिथल्या सगळ्याच होरपळलेल्या मुलांपर्यंत न्यावी. निकष गरिबीचे ठेवा: किती खाणारी तोंडं, किती कमावते हात, किती कसलेली जमीन.

अनाथाश्रमाला पैसे देऊ नका. हे मी स्पष्ट सांगतो. युद्धानंतर आश्रमांची संख्या वाढते आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील हयात असतात. देणगी मुलांच्या डोक्यामागे येत असेल तर आश्रम मुलं गोळा करू लागतो. २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभाच असा आहे, की केवळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडलं जाऊ नये.

फोटो आणि पत्रं यांवर खर्च होतो: भाषांतर, मोटारसायकलच्या फेऱ्या, छपाई. वर्षाला एक पत्र पुरे. पत्रात मुलाला ‘तुझ्यावर काय बेतलं’ असं विचारू नका. भेटवस्तूंचं पार्सल पाठवू नका, जकातीतच अडकतं. मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि फोटो एकत्र करून तुमच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकू नका.

आणि शेवट कसा होणार हे पहिल्या दिवशी ठरवा. २०१७ मध्ये कम्पॅशनला परदेशी निधीच्या परवानगीच्या प्रश्नावरून भारतातलं काम बंद करावं लागलं आणि लाखाहून अधिक मुलांचं पालकत्व एकदम थांबलं. कारण काहीही असो, घराला पूर्वसूचना हवी. शेवटच्या वर्षी रक्कम निम्म्यावर आणावी, त्याआधी शेळ्या, पेटी आणि शेत यांच्यावर घर चालतंय का ते एका पूर्ण हंगामात तपासावं, आणि किमान सहा महिन्यांची रक्कम संस्थेकडे वेगळी राखलेली असावी.

पैसे पाठवताना

रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स योजना, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची सोय, फक्त व्यक्तींसाठी आहे. तुमचा गट, मंडळ किंवा ट्रस्ट त्या मार्गाने पाठवू शकत नाही. एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे जमवून त्याच्या नावाने पाठवायचा मोह टाळा. प्रत्येकाने स्वतःच्या बँकेतून, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू अर्ज भरून, पॅन देऊन, परदेशी धर्मादाय संस्थेला देणगी या उद्देशाखाली (उद्देश-क्रमांक एस १३०३) पाठवायचं. वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि पाठवतानाच बँक घेते तो कर (टीसीएस) १० लाख रुपयांवरच्या रकमेला लागतो, म्हणजे तुमचा त्याच्याशी संबंध येत नाही.

मात्र १,५०० रुपये दरमहा पाठवू नका. बँकेचं कमिशन, जीएसटी आणि मधल्या बँकेचे डॉलरमधले शुल्क यांतच त्याचा मोठा भाग जाईल. प्रत्येकाने वर्षाचे १८,००० एकदाच पाठवावेत आणि अर्जात सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडावा, म्हणजे तिथे पूर्ण रक्कम पोचते. २२ जणांचे मिळून ३,९६,००० होतात. पैसे संस्थेच्या मुख्य बँक खात्यातच जावेत, गावातल्या कार्यकर्त्याच्या मोबाइल वॉलेटवर कधीही नाही. युगांडात स्वयंसेवी संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र आणि कामाचा परवाना असे दोन वेगळे कागद लागतात, दोन्हींची प्रत मागा. परवान्याची मुदत पाहा आणि तो त्या जिल्ह्यासाठी आहे का तेही पाहा.

या देणगीला ८०-जीची करसवलत मिळत नाही. भारतातल्या नोंदणीकृत संस्थेला दिली तर मिळते, तीही जुन्या कररचनेत, रोख दिल्यास २,००० पर्यंतच, आणि संस्थेने देणगीचं प्रमाणपत्र (१०-बीई) दिलं तर.

खर्चाची विभागणी मी अशी मागेन: संस्थेचा कारभार आणि फेऱ्या २० टक्क्यांच्या आत, उरलेल्यातला पहिल्या दोन वर्षांत निम्मा घराच्या शेती-जनावरांवर, तिसरा हिस्सा शाळेवर, बाकी आजारपण आणि राखीव. तिसऱ्या वर्षापासून शाळेचा हिस्सा वाढतो आणि घराचा घटतो. एका सभासदामागे एक घर असं २२ घरं एकाच किंवा शेजारच्या दोन गावांत घ्या. विखुरलेली घेतलीत तर सगळा पैसा पेट्रोलमध्ये जाईल. अहवालात फोटोंऐवजी चार आकडे मागा: शाळेतले हजेरीचे दिवस, घरात धान्य पुरलेले महिने, पेरलेले एकर, हयात शेळ्या.

पेठ-सुरगाण्याबद्दल

तिथे युद्ध नाही, पण दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघालेल्या घरातलं पोर असंच शाळेतून तुटतं. फरक हा की इथे सरकारी पैसा आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत विधवा, परित्यक्ता किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ७२,००० आणि शहरी ९६,००० आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० आहेत. तुमच्या १,५०० पेक्षा दोन्ही रकमा मोठ्या आहेत. अडतं ते कागदांवर: वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. यासाठी मजुरी बुडवून चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून घरं अर्ज अर्ध्यावर सोडतात.

म्हणून माझा सल्ला दोन्हीकडे वेगळा आहे. उत्तर युगांडात तुमचा पैसा पाठवा, कारण तिथे तो सहजासहजी दुसरीकडून येत नाही. पेठ-सुरगाण्यात तुमच्यातल्या निवृत्त शिक्षकांचा आणि बँकवाल्यांचा वेळ द्या. महिन्यातले दोन दिवस, एक आशाताई किंवा अंगणवाडी सेविका सोबत घेऊन, दाखले गोळा करा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज पोच घेऊन द्या. त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं आईला तुमच्या गटाने द्यावं. अर्ज मंजूर झाला की पासबुकावर पहिली रक्कम आलेली स्वतः पाहा. आधार खात्याशी नीट जोडलेलं नसेल तर मंजुरी येऊनही पैसे येत नाहीत, आणि हे त्या आईला कोणी कळवत नाही.

युगांडासाठी सुरुवात करायची असेल तर संस्थेशी बोलणी ऑक्टोबरपर्यंत संपवा आणि रक्कम नोव्हेंबरअखेर बँकेतून निघू द्या, म्हणजे फेब्रुवारीची फी आणि मार्चचं बियाणं दोन्ही गाठता येईल.